विज्ञान स्पर्धेतील प्रात्यक्षिक परीक्षा : घरच्या साहित्यातून तयारी



विज्ञान स्पर्धेची लेखी परीक्षा चांगल्या गुणांनी पार करणारा विद्यार्थी पुढच्या फेरीत प्रात्यक्षिकाच्या टेबलासमोर उभा राहिला की गोंधळतो, असे पुष्कळदा घडते. ब्युरेट म्हणजे काय हे त्याला ठाऊक असते, तिची सुबक आकृतीही तो काढू शकतो. परंतु प्रत्यक्ष ब्युरेट हातात धरण्याची ती पहिलीच वेळ असते. ज्या शाळेत प्रयोगशाळेचे कुलूप वर्षातून दोन-तीनदाच उघडते, तेथील होतकरू विद्यार्थ्याची ही अडचण बुद्धीची नसून सवयीची आहे, आणि सवय ही घरी, थोड्या खर्चात, रोजच्या वस्तूंवर लावून घेता येते. ती कशी, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

प्रात्यक्षिक परीक्षा कोठे कोठे असते?

आपल्या राज्यातील विद्यार्थ्यांना सर्वांत परिचित असलेली स्पर्धा म्हणजे डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा. मुंबई सायन्स टीचर्स असोसिएशनच्या वतीने ही स्पर्धा १९८१ पासून घेतली जाते. इयत्ता सहावी व इयत्ता नववीचे विद्यार्थी तीत भाग घेतात. पहिली पायरी लेखी परीक्षेची, दुसरी प्रात्यक्षिकाची आणि त्यानंतर कृतिप्रकल्प व मुलाखत. म्हणजेच केवळ पाठांतराच्या बळावर या स्पर्धेत शेवटपर्यंत जाता येत नाही.

याहून वरच्या पातळीवर आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड आहेत. भारतीय विद्यार्थ्यांची त्यासाठीची निवड आणि तयारी मुंबईत मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात होते. हे केंद्र १९७४ साली स्थापन झाले. या ऑलिंपियाडमध्ये प्रयोगाला किती वजन आहे ते पाहा : भौतिकशास्त्रात ५० पैकी २० गुण प्रयोगाचे, रसायनशास्त्रात शंभरात ४०, आणि कनिष्ठ विज्ञान ऑलिंपियाडमध्येही शंभरात ४०. कनिष्ठ ऑलिंपियाडमध्ये तर तीन विद्यार्थ्यांनी मिळून एक प्रयोग करावयाचा असतो. आपल्या राज्याने या स्पर्धांचे यजमानपदही भूषविले आहे : २००१ मध्ये रसायनशास्त्र, २००८ मध्ये जीवशास्त्र आणि २०१५ मध्ये भौतिकशास्त्र या तिन्ही ऑलिंपियाड मुंबईस झाल्या, तर २०१३ ची कनिष्ठ विज्ञान ऑलिंपियाड पुण्यास झाली.

येथे एक फरक ध्यानात घ्यावा. विज्ञान प्रदर्शनात आपण महिनाभर तयार केलेले उपकरण मांडतो व त्याची माहिती सांगतो. प्रात्यक्षिक परीक्षेत तसे नसते. प्रश्न तेथेच कळतो, साहित्य तेथेच मिळते, वेळ ठरलेला असतो आणि उत्तर आपल्या स्वतःच्या हातांनी काढायचे असते.

परीक्षक काय पाहतात?

प्रात्यक्षिकात साधारणपणे पाच गोष्टींची पारख होते : सूचना नीट वाचून त्याप्रमाणे मांडणी करणे, उपकरण योग्य रीतीने हाताळणे, वाचन अचूक घेणे, ते तक्त्यात नीटनेटके नोंदविणे आणि त्या नोंदींतून निघेल तेवढाच निष्कर्ष काढणे. यातील शेवटची गोष्ट सर्वांत कठीण आहे. पुस्तकातील उत्तर माहीत असलेला विद्यार्थी आपले वाचन न जुळल्यास ते खोडून पुस्तकातील आकडा लिहितो, आणि गुण नेमके तेथेच जातात. जे दिसले तेच लिहावे, हा प्रात्यक्षिकाचा पहिला नियम होय.

यासाठी आपल्याच गावचे एक उदाहरण घेऊ. पाणी किती तापमानाला उकळते? लेखी परीक्षेत उत्तर १०० अंश सेल्सिअस. आता गोंदिया शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवर आहे. उंचीवर हवेचा दाब कमी असतो, म्हणून पाणी थोड्या कमी तापमानाला उकळते. साधारणतः दर ३०० मीटर उंचीला उत्कलनबिंदू एका अंशाने उतरतो. म्हणजे आपल्याकडे पाणी सुमारे ९९ अंशांनाच उकळणार. मुंबईस समुद्रकिनारी तोच प्रयोग केला तर १०० च्या अगदी जवळ वाचन मिळेल. गोंदियात बसून ९९ लिहिणारा विद्यार्थी बरोबर असतो. १०० लिहिणाऱ्याने तापमापीकडे पाहिलेलेच नसते.

पण येथेही सावध असावे. तापमापीमध्येच एखाद्या अंशाची चूक असू शकते. म्हणून आधी ती वितळत्या बर्फात धरून पाहावी. तेथे शून्याऐवजी १ अंश दिसला, तर ही तापमापी १ अंश जास्त दाखवते असे समजून तशी नोंद करावी. तापमापीचा फुगा भांड्याच्या तळाला टेकवू नये. आणि घरातील ताप मोजण्याची तापमापी उकळत्या पाण्यात कधीही घालू नये. ती सुमारे ४२ अंशांपर्यंतच मोजण्यासाठी बनविलेली असते व गरम पाण्यात फुटते.

पहिला अभ्यास : मोजणे

प्रत्येक उपकरणाचे लघुतम माप प्रथम पाहावे, म्हणजे त्यावरील दोन शेजारच्या रेघांमध्ये किती अंतर आहे ते. साध्या पट्टीचे लघुतम माप १ मिलिमीटर असते. मोजपात्रात पाण्याचा पृष्ठभाग कडेला वर चढलेला व मध्ये खोलगट दिसतो. डोळा त्याच पातळीवर आणून खोलगट भागाच्या तळाशी वाचन घ्यावे. वरून पाहिल्यास वाचन जास्त येते, खालून पाहिल्यास कमी.

वैनगंगेच्या किंवा बाघ नदीच्या पात्रातील एक गोटा घ्या. किराणा दुकानातील काट्यावर त्याचे वस्तुमान करून घ्या. समजा ते ३१ ग्रॅम भरले. मोजपात्रात ५० मिलिलीटर पाणी घेऊन दोरा बांधलेला गोटा हलकेच आत सोडा. पाणी ६२ वर आले, तर गोट्याचे आकारमान १२ घन सेंटिमीटर झाले. घनता काढताना ३१ ला १२ ने भागले की गणकयंत्रावर २.५८३३ असा आकडा येतो. तो तसाच लिहू नये. ज्या मोजपात्रावर १ मिलिलीटरच्याच रेघा आहेत, त्याने दशांशानंतर चार अंक कळणे शक्य नाही. २.६ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर एवढेच लिहावे. आपल्या उपकरणाला जेवढे कळते तेवढेच सांगणे, यास अचूकपणा म्हणतात.

दुसरा अभ्यास : वेळ मोजणे व आलेख काढणे

साध्या लंबकासाठी दोरा, लोखंडी नट, भिंतीतील खिळा आणि सेकंद दाखविणारे घड्याळ किंवा मोबाईल एवढे पुरते. दोऱ्याची लांबी टांगण्याच्या बिंदूपासून नटाच्या मध्यापर्यंत मोजावी, गाठीपर्यंत नव्हे. लांबी १०० सेंटिमीटर ठेवली तर २० दोलनांना सुमारे ४० सेकंद लागतात. लांबी २५ सेंटिमीटर केली तर सुमारे २० सेकंद. लांबी चौपट झाली तरी वेळ दुप्पटच होतो, हे येथे स्वतःच्या डोळ्यांनी दिसते.

एकाच दोलनाचा वेळ का मोजू नये? घड्याळ सुरू व बंद करताना बोटाचा साधारण ०.२ सेकंदाचा फरक पडतो. एका दोलनाच्या २ सेकंदांत ०.२ सेकंदाची चूक म्हणजे शेकडा १०. तीच चूक २० दोलनांच्या ४० सेकंदांत शेकडा अर्धीच राहते. आणखी एक खबरदारी : घड्याळ सुरू करताना “शून्य” म्हणावे. “एक” म्हणून सुरुवात केल्यास २० ऐवजी १९ च दोलने मोजली जातात. ही चूक फार विद्यार्थ्यांकडून होते.

लांबी २५, ४०, ५५, ७०, ८५ व १०० सेंटिमीटर ठेवून वाचने घ्या. प्रत्येक लांबीला तीन वेळा मोजा व सरासरी काढा. तक्त्याच्या प्रत्येक रकान्यावर राशीचे नाव व एकक लिहा. आलेखावर बिंदू बारीक पेन्सिलीने मांडा. बिंदूला बिंदू जोडत वाकडी रेघ काढू नका, तर बहुतेक बिंदूंच्या जवळून जाणारी एकच सफाईदार रेषा काढा. नववीच्या विद्यार्थ्यांनी दोलनकालाचा वर्ग उभ्या अक्षावर व लांबी आडव्या अक्षावर घ्यावी. सरळ रेषा मिळेल. एखादा बिंदू फारच दूर गेला तर तो पुसू नका, ते वाचन पुन्हा घ्या.

तिसरा अभ्यास : ओळखणे

रसायनाच्या प्रात्यक्षिकात अज्ञात द्रावणे ओळखण्याचा प्रश्न हमखास असतो. घरी हळदीची पेस्ट पांढऱ्या कागदावर लावून सावलीत वाळवा व पट्ट्या कापा. हळद आम्लारीमध्ये लालसर तपकिरी होते, आम्लात व मिठाच्या पाण्यात पिवळीच राहते.

आता मोठ्या भावाला किंवा बहिणीला तीन पेल्यांत तीन द्रावणे ठेवायला सांगा : लिंबूसताचे पाणी, मिठाचे पाणी आणि चुन्याची निवळी. लिंबाचा रस घेतल्यास वासावरूनच कळेल, म्हणून लिंबूसत. पेल्यांवर फक्त क, ख, ग अशी अक्षरे लिहावीत. तुमच्याकडे हळदीच्या पट्ट्यांखेरीज काहीही नाही. तिन्ही द्रावणे ओळखा.

समजा ‘ख’ मध्ये पट्टी लाल झाली, ‘क’ व ‘ग’ मध्ये पिवळीच राहिली. आता पुष्कळ विद्यार्थी अंदाजाने लिहून टाकतात, “क आम्ल, ग मीठ.” असे लिहिण्यास कोणताही आधार नाही. आतापर्यंत एवढेच कळले आहे की ‘ख’ आम्लारी आहे आणि उरलेली दोन आम्लारी नाहीत. यापुढचा विचार असा : ‘ख’ मध्ये लाल झालेल्या दोन पट्ट्या घ्या. एकीवर ‘क’ चे थेंब टाका, दुसरीवर ‘ग’ चे. जिच्यावरचा लाल रंग जाऊन पुन्हा पिवळा येईल, त्या द्रावणाने आम्लारीचे उदासिनीकरण केले, म्हणून ते आम्ल. दुसरे मिठाचे पाणी. पहिल्या चाचणीत जे मिळाले तेच दुसऱ्या चाचणीचे साधन झाले. परीक्षकाला हीच विचारपद्धती पाहावयाची असते. त्यानंतर जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवून काढलेल्या अर्काने पडताळा घ्यावा. आम्लात तो लाल-गुलाबी होतो व आम्लारीत हिरवा.

आपला जिल्हा धानाचा. म्हणून पिष्टाची चाचणीही घरचीच. भाताच्या पेजेत औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाकला की निळा-काळा रंग येतो. हीच पेज कडकडीत गरम असताना चाचणी करून पाहा. रंग येत नाही, किंवा आलेला रंग नाहीसा होतो. पेज थंड होऊ द्या, रंग परत येईल. गरम द्रावणात चाचणी करून “पिष्ट नाही” असा निष्कर्ष लिहिणारा विद्यार्थी येथे फसतो. ही पेज नंतर फेकून द्यावी, खाऊ नये.

ब्युरेटची सवय सुई नसलेल्या नव्या ५ मिलिलीटरच्या सिरिंजने लागते. एका पेल्यात मोजून निवळी घ्या, तीत जास्वंदीचा अर्क घाला आणि सिरिंजने लिंबूसताचे पाणी थेंबाथेंबाने सोडत पेला हलवीत राहा. रंग बदलल्यावर थांबा व किती द्रावण लागले ते लिहा. तीन वेळचे आकडे एकमेकांच्या जवळ येईपर्यंत सराव करा. प्रत्यक्ष ब्युरेट मिळाल्यावर चार गोष्टी ध्यानात ठेवा : भरावयाच्या द्रावणानेच ती आधी खंगाळावी, तोटीच्या टोकात हवेचा बुडबुडा राहू देऊ नये, वाचन घेण्यापूर्वी नरसाळे काढावे, आणि तिचे आकडे वरून खाली वाढत जातात.

चौथा अभ्यास : पाहणे

घरातील वडीलधाऱ्यांचा जवळचे वाचण्याचा चष्मा घ्या. खिडकीसमोरच्या भिंतीजवळ भिंग धरून मागेपुढे केले की बाहेरच्या झाडाची उलटी प्रतिमा भिंतीवर स्पष्ट उमटते. भिंगापासून भिंतीपर्यंतचे अंतर हेच साधारणतः नाभीय अंतर. चष्म्याचा क्रमांक +२ असेल तर ते ५० सेंटिमीटर यावयास हवे, +४ असेल तर २५. शंभराला क्रमांकाने भागले की सेंटिमीटरमध्ये नाभीय अंतर मिळते. अशा रीतीने आपले मोजमाप आपल्यालाच तपासता येते. भिंगातून सूर्याकडे मात्र कधीही पाहू नये.

सूक्ष्मदर्शक घरी नसतो. त्यासाठी शाळेतील विज्ञान शिक्षकांना विनंती करावी. कांद्याच्या पापुद्र्याची काचपट्टी स्वतः तयार करावी. प्रथम कमी शक्तीचे वस्तुभिंग लावावे. बाजूने पाहत ते काचपट्टीच्या जवळ न्यावे, आणि मग डोळा लावून वर उचलत स्पष्ट करावे. डोळा लावून खाली आणल्यास काच फुटते. आकृती जशी दिसते तशीच काढावी. केंद्रक दिसले नसेल तर ते काढू नये. पुस्तकातील आकृती पुस्तकात आहेच.

सहावीच्या विद्यार्थ्यांसाठी एक तुलनेचा प्रयोग. पावसाळ्यात बोडीचे गढूळ पाणी चार सारख्या पेल्यांत सारखेच घ्या. एका पेल्यात काही घालू नका. उरलेल्या तिन्हींत तुरटीचे पाणी अनुक्रमे एक, दोन व तीन चमचे घालून सारखेच ढवळा. दर १० मिनिटांनी नोंद करा. पहिला पेला कशासाठी? तो नसेल तर गाळ तुरटीमुळे बसला की आपोआप बसला, हे सांगताच येणार नाही.

सुरक्षितता

कोणतेही द्रावण चाखू नये. चुना डोळ्यात गेल्यास दृष्टीला कायमची इजा होऊ शकते, म्हणून निवळी मोठ्या माणसांनी तयार करून द्यावी. डोळ्यात उडाल्यास लगेच भरपूर पाण्याने बराच वेळ धुऊन डॉक्टरांकडे न्यावे. शाळेत आम्ल सौम्य करताना आम्ल पाण्यात सोडावे, पाणी आम्लात नव्हे. केस व ओढणी बांधलेली असावी. प्रयोग संपल्यावर हात साबणाने धुवावेत.

परीक्षेच्या दिवशी

समजा ६० मिनिटे आहेत. पहिली १० मिनिटे सूचनापत्र शेवटपर्यंत वाचण्यास व रिकामा तक्ता आखण्यास द्यावीत. त्यापूर्वी उपकरणास हात लावू नये. पुढील ३५ मिनिटे वाचने घ्यावीत आणि शेवटची १५ मिनिटे आलेख, आकडेमोड व निष्कर्षासाठी ठेवावीत. वाचन चुकले तर त्यावर एकच रेघ मारून शेजारी नवे लिहावे.

एखादे उपकरण नादुरुस्त असेल, एखादे साहित्य कमी असेल, तर हात वर करून पर्यवेक्षकांना सांगावे. खेड्यातील मुले येथे संकोचतात. तुटकी तापमापी घेऊन गप्प बसतात आणि तासभर वाया घालवितात. सालेकसा किंवा देवरीहून आलेल्या मुलालाही चांगले साहित्य मागण्याचा तितकाच अधिकार आहे, जितका शहरातील मुलाला. मागण्यात कमीपणा नाही.

पालक व कार्यकर्त्यांसाठी

वरील सारे प्रयोग आठ रविवारांत होऊ शकतात : मोजण्याचे दोन, लंबक व आलेखाचे दोन, रसायनाचे दोन, भिंग व सूक्ष्मदर्शकाचा एक, आणि शेवटच्या रविवारी घड्याळ लावून सराव परीक्षा. जागा म्हणून विहाराचे सभागृह पुरेसे आहे. दोन विद्यार्थ्यांमागे साहित्याचा एक संच असावा. समाजातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी सूचनापत्रे लिहून द्यावीत आणि तोंडी मदत शक्य तितकी कमी करावी, कारण परीक्षेत तोंडी मदत मिळत नाही.

एक गोष्ट मात्र आवर्जून पाहावी. गटात बहुधा उपकरण मुलाच्या हातात जाते आणि वही मुलीच्या. मुलगी सुंदर अक्षरात नोंदी करते, पण ब्युरेटला तिचा हात लागत नाही. परीक्षेत ती एकटीच टेबलासमोर उभी राहणार आहे. म्हणून प्रत्येक वाचनानंतर कामाची अदलाबदल झालीच पाहिजे, हा नियम पहिल्याच दिवशी सांगावा.

तसेच “उत्तर बरोबर आले का?” असे मुलांना विचारण्याऐवजी “तू काय पाहिलेस?” असे विचारावे. पदक मिळणे न मिळणे हे पुष्कळ गोष्टींवर अवलंबून असते. परंतु आठ रविवार स्वतः मोजलेले, स्वतः पाहिलेले आणि न खोडता लिहिलेले विद्यार्थ्याजवळ राहते. पुढे तो प्रयोगशाळेत गेला, दवाखान्यात गेला की शेतीत राहिला, तरी कोणी काही सांगितले की आधी तपासून पाहण्याची सवय त्याच्या कामी येईल. तेव्हा मित्रहो, येत्या रविवारी एक दोरा, एक नट आणि एक घड्याळ घेऊन सुरुवात करा, आणि पहिले वाचन जसे येईल तसेच वहीत लिहा.